वीस गाण्यांची यादी, आवृत्ती सत्तेचाळीस

सरांच्या यादीत वीस गाणी होती. त्यांपैकी एकाचेही नाव मी इथे लिहिणार नाही, कारण ते त्यांना खपले नसते. नाव सांगितले की माणसे गुणगुणू लागतात, असे ते म्हणत. आणि गुणगुणणारा माणूस क्रमाविषयी कामाचे काहीही बोलू शकत नाही. म्हणून आमच्या प्रयोगशाळेत गाण्यांना फक्त आकडे होते. "आज सकाळपासून अकरा डोक्यात बसलंय," असे कोणी म्हणाले, की बाकीच्यांना कळायचे. मात्र यादी बदलली की आकडेही बदलत. त्यामुळे "नवं अकरा की जुनं?" हा प्रश्न लगेच येई, आणि ज्याला उत्तर देता येत नसे त्याच्याकडे ते चष्म्यावरून असे पाहत, जणू त्याने ब्युरेटची मापनळी उलटी लावली आहे.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंगांसाठी लागणारी रसायने बनवणारा एक कारखाना होता. तिथल्या गुणवत्ता तपासणीचे ते प्रमुख. मी एमएस्सी होताच तिथे लागले. मला तिथे राहायचे नव्हते. दीड वर्षाचा अनुभव आणि एक चांगले प्रमाणपत्र घेऊन हैदराबादच्या एका संशोधन केंद्रात जायचे, हे मी मुलाखतीपूर्वीच ठरवले होते. त्यासाठी मुख्य विश्लेषण पद्धती रात्रंदिवस पाठ केल्या होत्या. त्यांनी त्यातले काहीच विचारले नाही.

"आवडीची दहा गाणी सांगा. क्रमाने."

मी सांगितली.

"चौथं तिसरं का नाही?"

"दोन्ही छान आहेत, सर."

"मग ही यादी नाही, ढीग आहे." त्यांनी माझा अर्ज बाजूला ठेवला. "आवड सगळ्यांना असते, अहो. क्रम लावायला हिंमत लागते. कुठल्या गावच्या?"

"वाणगाव."

"या सोमवारपासून, वाणगाव."

पुढचे चौदा महिने मी वाणगावच होते. ते माणसांना गावाच्या नावाने हाक मारत आणि सगळ्यांना 'अहो' म्हणत. स्वतः बार्शीकडचे. वसाहतीला लागूनच्या बोईसरमध्ये पंचवीस वर्षे काढूनही समुद्रावर ते एकदाच गेले होते. "एकसुरी वाटला," एवढाच त्यांचा अभिप्राय होता.

यादी एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, तराजूच्या खोलीच्या दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असे. तिचे स्वरूप आमच्या कोणत्याही अधिकृत कागदासारखे होते. वर आवृत्ती क्रमांक, मग बदलाचे कारण, खाली 'तयार केले' आणि 'तपासले' असे सह्यांचे दोन चौकोन. मी रुजू झाले तेव्हा आवृत्ती एकेचाळीस लागू होती. जुन्या चाळीस मागे लावलेल्या होत्या. एखादे गाणे काढायचे झाले तर त्यावर एकच आडवी रेघ, शेजारी आद्याक्षरे आणि तारीख. गिरवणे, पांढरा रंग लावणे, कागद फाडणे निषिद्ध. "खोडलं तरी वाचता आलं पाहिजे," हे त्यांचे आवडते वाक्य होते.

गाणे यादीत येण्यासाठी त्याची तीन वेळा तपासणी होई: एकदा उपाशीपोटी, एकदा जेवून, आणि एकदा मागचा कॉम्प्रेसर चालू असताना. फोन एक लिटरच्या काचेच्या बीकरमध्ये उभा ठेवला की आवाज मोठा होतो, हा शोध त्यांचाच. तिन्ही वेळा एकच गुण आले पाहिजेत. दोन गाण्यांना सारखे गुण पडलेले चालत नसत. "सारखे गुण म्हणजे परीक्षक झोपला होता." आणि आठवणींना तर सक्त मनाई. कोणाच्या लग्नात ऐकलेले, कोणी गेल्यावर लागलेले, असे काही चिकटले असेल तर ती अशुद्धी. त्यांच्या पुतण्याच्या वरातीत सहाव्या क्रमांकाचे गाणे वाजले, तर त्यांनी ते नमुन्यासारखे तीन महिने रोखून ठेवले. वरात विसरली गेल्याची खात्री झाल्यावर त्याची पुन्हा तपासणी झाली आणि ते नवव्या जागी आले.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी डबे खाऊन झाले की चर्चा होई. तेव्हा मात्र ते वेगळेच होत. मी एकदा सिद्ध करून दाखवले, की त्यांचे दुसरे आणि पाचवे गाणे एकाच चालीच्या दोन नकला आहेत, आणि दोन्हींना जागा देणे म्हणजे एकच नमुना दोनदा मोजणे. त्यांनी दोन्ही पुन्हा ऐकली आणि पाचव्यावर रेघ मारली. 'बदलाचे कारण' या रकान्यात लिहिले: वाणगाव यांचा आक्षेप मान्य. इतका निर्मळ पराभव स्वीकारणारा वरिष्ठ मला त्यानंतर कुठल्याही संस्थेत भेटलेला नाही. त्या दिवसापासून 'तपासले' या चौकोनात माझी सही होऊ लागली. मला त्याचा अभिमान होता. आता हे लिहिताना कसेसे होते, पण होता.

काचसामान धुणे आणि नोंदवह्या एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेणे हे वनिताताईंचे काम. त्या खाडीकाठच्या घिवलीच्या. त्यांचा नवरा खाडीत उतरून खेकडे आणि निवटे धरी. चिखलात उड्या मारणारे ते मासे ताई कधी कधी डब्यात आणत आणि मला आग्रहाने वाढत. शनिवारच्या चर्चेत त्या बेसिनपाशी उभ्या राहून ऐकत. एकदा त्यांनी हात पुसत विचारले, "साहेब, माजा येक गाना घ्या ना यादीत."

"कुठलं, घिवली?"

"लग्नातला. हळदीला पानी आणायच्या टायमाचा. माजी आय बोलायची, आता मी बोलते."

"म्हणून दाखवा."

"असा कसा बोलू? नवरी कुठं हाय? जिचा लगीन तिचा नाव घालायचा, तिच्या मामाचा, तिच्या दारच्या बावडीचा. दर टायमाला दुसरा होते."

सरांनी खरोखर विचार केला. मग मान हलवली. "दर वेळी वेगळं होत असेल तर तिन्ही तपासण्यांना नमुना एकच कसा राहील? नाही बसत, घिवली. गाणं वाईट असेल असं म्हणत नाही मी. मोजता येत नाही, एवढंच."

"राहू द्या मग," वनिताताई म्हणाल्या. "मोजायला ता नायच."

आता वहीविषयी.

कारखान्यातून प्रक्रिया करून जे पाणी बाहेर खाडीत सोडले जाई, त्याची आम्लता रोज तपासून एका निळ्या वहीत लिहायची असे. सात हा आकडा निरोगी. त्याच्या बराच खाली म्हणजे पाणी आम्लधर्मी, जिवंत गोष्टींना अपायकारक. वहीतही दोनच चौकोन होते, 'तयार केले' आणि 'तपासले'. पहिली सही सरांची, दुसरी माझी. रोज अकरा वाजता वनिताताई वही घेऊन येत, पान उघडून माझ्यासमोर धरत आणि चौकोनाखाली बोट ठेवत. "हितं, मॅडम." मी सही करत असे. मालाच्या तपासणीत मी बुडालेली असे आणि ती आम्ही चोख करत होतो. ग्राहक माल पुन्हा तपासतो. खाडी पुन्हा तपासत नाही.

दुसऱ्या महिन्यात मला एका प्रयोगासाठी दुसरा आम्लतामापक लागला. पाण्याच्या तपासणीचा मापक कोपऱ्यात झाकलेला होता. त्याचा काचेचा दांडा नेहमी ओला ठेवावा लागतो, म्हणून त्याच्या टोकाला द्रावण भरलेले झाकण असते. ते झाकण निघेना. आतले द्रावण केव्हाच सुकले होते आणि मिठासारख्या पांढऱ्या खड्यांनी झाकण दांड्याला पक्के धरले होते. निदान दोन-तीन महिने ते कोणी काढलेले नव्हते. त्या सकाळच्या वहीत मात्र ७.२ लिहिलेले होते. मागची पाने पाहिली. ७.१, ७.२, ७.३, ७.२. खरी मापे इतकी शहाणी नसतात.

पाणी प्रक्रियेच्या ऑपरेटरला मी विचारले. तो सहज म्हणाला, "मैडम, सैंपल तो कब से बंद है. साहब लिख देते हैं."

मी दांडा घेऊन सरांच्या टेबलापाशी गेले. त्यांनी तो पाहिला. बीकरमधला फोन बंद केला.

"हो," ते म्हणाले.

मी काही बोलण्यापूर्वी त्यांनीच विचारले, "तुम्हाला इथून कुठे जायचं आहे, वाणगाव?"

"संशोधनात."

"अनुभव किती लागतो?"

"वर्ष, दीड वर्ष."

"आणि प्रमाणपत्र माझं." त्यात धमकी नव्हती. कसोटीच्या पायऱ्या सांगाव्यात तसा आवाज होता. "मग झाकण नीट बसवून ठेवा."

मी ते बसवले. त्याला जोर लावावा लागला नाही, ते अडकलेलेच होते.

नंतर, जुन्या वह्यांच्या कपाटात, मला एक पान सापडले. त्यावर ३.८ असा आकडा होता. त्यावर एकच आडवी रेघ, वर ७.२, शेजारी सरांची आद्याक्षरे आणि तारीख. त्यानंतरच्या सगळ्या वह्यांत एकही खाडाखोड नव्हती. मी प्रयोगशाळेत येऊन खिळ्यावरचे फोल्डर काढले आणि सगळ्यात मागचा, पिवळा पडलेला कागद पाहिला. आवृत्ती एक. तारीख त्या पानाच्या दुसऱ्या दिवसाची होती.

मी त्यांना याबद्दल कधी विचारले नाही. एकदा डबा खाताना त्यांनीच अर्धवट सांगितले. "खरा आकडा लिहिला होता एकदा. वर बोलावलं. म्हणाले, मीटर बिघडला असेल, बघा. मी बघितलं. मीटर ठीक होता." मग म्हणाले, "मुलगी बारावीला होती तेव्हा." आणि लोणच्याची फोड बाजूला काढून ठेवली.

हे वाचून त्यांच्याविषयी कणव वाटत असेल, तर ती जरा रोखून धरावी. मलाही वाटत होती. एका माणसाचा सगळा खरेपणा वीस गाण्यांत जाऊन बसला आहे, ही कल्पना मला काव्यमय वाटे, आणि काव्यमय वाटल्यामुळे रोज अकरा वाजता सही करणे सोपे जाई.

तेराव्या महिन्यात वनिताताईंनी मला बेसिनपाशी थांबवले.

"मॅडम, येक इचारू? आमच्या ह्यांच्या पायाला फोड आल्यात. गुडघ्यापरेंत. डाक्टर बोलले, खाडीत जाव नका. हे आयकत नाय. बोलतात, पानी पयल्यापासून असाच हाय." त्यांनी आवाज खाली केला. "तुमी तं सही करता त्या वहीवर. तुमाला म्हाईत. पानी बरा हाय ना?"

प्रश्न अचूक होता. ज्या व्यक्तीला माहीत असायला हवे, तिलाच विचारला होता. माझ्या हैदराबादच्या मुलाखतीला एकवीस दिवस उरले होते.

"नोंदीप्रमाणे लिमिटमध्ये आहे, ताई," मी म्हणाले.

"मग बरा," त्या म्हणाल्या. "मंग सांगते त्यांना, मॅडम बोलल्या म्हणून."

सर तराजूच्या खोलीत होते. दार उघडे होते.

त्याच आठवड्यात वनिताताईंच्या मुलीचे लग्न होते. आम्हा सगळ्यांना बोलावणे होते. मी मुलाखतीच्या तयारीचे कारण सांगून गेले नाही. सर गेले. लग्नाला जाणे त्यांना अशुद्धीच्या भीतीने आवडत नसे, तरीही गेले, आणि हळदीच्या वेळी मांडवाच्या खांबाला टेकून उभे राहिले, असे ऑपरेटर सांगत होता. वनिताताई गात होत्या. गाण्यात एकेका पाण्याला विचारतात म्हणे, दारच्या बावडीला म्हणजे विहिरीला, तळ्याला, खाडीला, की पोरीच्या अंघोळीला कोण येणार. "खाडी का नाम आया तो साहब बाहर निकल गये," ऑपरेटर म्हणाला. "चप्पल भी किसी और की पहन ली."

पहिल्या शनिवारी आवृत्ती सत्तेचाळीस माझ्यासमोर आली. अठरा वर्षे पहिल्या जागी असलेल्या गाण्यावर एक आडवी रेघ होती. तिथे लिहिले होते: घिवली, हळदीचे. 'बदलाचे कारण' हा रकाना कोरा होता.

"सर, यावर मी सही करू शकत नाही," मी म्हणाले.

"कारण?"

"तीन तपासण्या झालेल्या नाहीत. एकच झाली, तीही लग्नात. नमुना पुन्हा मिळवता येत नाही, हे तुम्हीच म्हणाला होतात. बदलाचं कारण दिलेलं नाही." मी थांबायला हवे होते. "आणि यात दया मिसळली आहे. ती अशुद्धीच आहे."

आजही मला वाटते की माझा युक्तिवाद निर्दोष होता. सरांनाही तो तसाच वाटला असावा. त्यांनी एकेका मुद्द्यावर मान हलवली.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "एकही मुद्दा खोडता येत नाही." मग कागद उचलून फोल्डरमध्ये ठेवता ठेवता, माझ्याकडे न पाहता, म्हणाले, "इथं करत नाही तुम्ही सही. शिकवलेलं वाया गेलं नाही म्हणायचं. फक्त जागा चुकली, वाणगाव. माझीही तीच चुकली."

वनिताताई बेसिनपाशी होत्या. त्यांनी नळ बंद केला नाही.

प्रमाणपत्र मला वेळेवर मिळाले. त्यात एक वाक्य असे होते: नोंदींच्या अचूकतेबाबत या कधीही तडजोड करत नाहीत. मी ते पुष्कळदा वाचले आहे. त्यात उपरोध असल्याचा पुरावा नाही. हैदराबादच्या लोकांना ते वाक्य फार आवडले.

संशोधन मी दोनच वर्षे केले. आता मी इतरांच्या प्रयोगशाळा तपासते. या कामात माझे नाव आहे. खोटी वही मला दहा मिनिटांत कळते. मी आकडे नंतर पाहते. आधी मापकाचे झाकण ओढून पाहते. नव्या मुलांना हे शिकवते तेव्हा ती वहीत टिपून घेतात आणि विचारतात, मॅडम, हे तुम्हाला कसे सुचले. मी अनुभव असे सांगते.

गेल्या महिन्यात वाणगावला आले असताना वनिताताईंचा फोन आला. सर निवृत्त होऊन बार्शीला गेले होते, आणि जाताना माझ्यासाठी काहीतरी ठेवून गेले होते. मी घिवलीला गेले. ताईंचा नवरा ओटीवर खुर्चीत बसला होता, दोन्ही पाय पोटऱ्यांपर्यंत फडक्याने बांधलेले. खाडीत उतरणे त्याला सोडावे लागले होते, पण माझ्या शब्दावर भरवसा ठेवून पूर्ण दोन वर्षे उतरल्यानंतर. मधल्या काळात गावातल्या काही जणांबरोबर तो कारखान्यावर तक्रार घेऊनही जाऊन आला होता.

"तुमच्या सायबांनी वह्या काडल्या," तो म्हणाला. "समद्या वर्सांच्या. बोलले, हे बगा, रोजचा आकडा हाय, दोन-दोन सह्या हायत. पान्याचा दोष नाय." त्याने पायांकडे पाहिले. "कागदावर हाय म्हंजे नसलच."

त्याच्या पायांचे कारण खाडीच आहे, हे मला सिद्ध करता येणार नाही. तसे करण्यासाठी त्या काळातली खरी मापे लागतील. ती नाहीत. जी आहेत, त्यांच्या 'तपासले' या चौकोनात मी आहे.

वनिताताईंनी आतून फोल्डर आणले. तेच प्लॅस्टिक, एका कोपऱ्याला खिळ्याचे भोक. सगळ्यात वर आवृत्ती सत्तेचाळीस होती. अठ्ठेचाळीसावी कधी झालीच नाही. 'बदलाचे कारण' हा रकाना तेव्हा कोरा होता. आता त्यात सरांच्या बारीक अक्षरांत एक ओळ होती: घिवली यांनी पाण्याविषयी विचारले होते. खाली 'तयार केले' मध्ये त्यांची सही.

"माजा गाना पयला हाय ना त्याच्यात?" ताईंनी विचारले. "साहेब बोलले व्हते, पयला लावलाय म्हणून."

नियमाप्रमाणे तपासणाऱ्याच्या सहीशिवाय आवृत्ती लागू होत नाही. आधीचीच चालू राहते. खरे उत्तर 'नाही' असे होते.

"हो, ताई," मी म्हणाले. "पहिलंच आहे."

त्या माझ्या शेजारी वाकल्या. वनिताताईंना वाचता येत नाही, असे मी चौदा महिने गृहीत धरले होते, आणि ते बरोबरही होते. पण रोज अकरा वाजता एक पान उघडून धरणाऱ्या माणसाला सही वाचावी लागत नाही. त्यांनी कागदावरून बोट खाली खाली नेले आणि उजवीकडच्या रिकाम्या चौकोनावर ठेवले.

"हितं नाय तुमची," त्या म्हणाल्या. "त्या वहीत रोज असायची."